मापकाकूंनी सगळ्यांना परत बोलावलं

मापकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. औषधांच्या दुकानामागे, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एक काचेचा दरवाजा आहे. त्यावर पाटी नाही, बोर्ड नाही, आतून नुसता जाड निळा पडदा. ज्यांना तिथे जायचं असतं त्यांना ठाऊक असतं. एखादा पुरुष चुकून आत डोकावलाच, तर काकू शिलाई मशीनवरून मानही वर न करता म्हणतात, "चपलांचं शेजारी."

आत काकू बायकांच्या ब्रा शिवतात. त्यात लाजायचं काय? बत्तीस वर्षं शिवतायत. तयार मिळतात की दुकानात, ढिगाने मिळतात, पण त्या कुठल्या तरी कारखान्यात कुणा भलत्याच बाईच्या अंगावर बेतलेल्या. जिची एक बाजू मोठी आणि एक लहान आहे तिने काय करायचं? जिच्या पाठीला बाक आलाय, जी नुकती बाळंत झालीय, ऑपरेशनमध्ये जिचा एक स्तन काढावा लागलाय, तिने कुठे जायचं? या सगळ्या मापकाकूंकडे येतात. ऑपरेशन झालेल्या बाईसाठी काकू आत अशी गादी भरून देतात, दुसऱ्या बाजूच्या बरोबर वजनाची, की ती आरशासमोर उभी राहते आणि बराच वेळ तिथून हलत नाही. तेव्हा काकू सुनेला डोळ्यांनी खुणावतात आणि दोघी माप घ्यायच्या जागेच्या पडद्याबाहेर येऊन आधीच आवरलेले दोरे पुन्हा आवरत बसतात.

कामाची रीत ठरलेली. काकू टेपने माप घेणार आणि आकडा सांगणार, सून तो वहीत लिहिणार. भिंतीवर खिळ्यांना खाकी पुठ्ठ्याचे साचे टांगलेले आहेत, काकूंनी धंदा सुरू करताना स्वतः बेतलेले, प्रत्येकावर मापाचा आकडा. वहीतल्या आकड्याचा साचा उतरवायचा, कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. बस्स. घालून बघायला बोलावणं नाही, उसवणं नाही. "ट्रायल कशाला? माझं माप चुकत नाही," असं काकू म्हणायच्या, आणि खोटं वाटावं असं कधी घडलंच नव्हतं. आसपासच्या बायकाही तेच म्हणायच्या. काकूंची मान त्यामुळे जरा ताठच असायची, हे कबूल करायला हवं.

पडद्याआड बाई उभी राहिली की नुसतं माप होत नाही, गोष्टीही निघतात. त्यात सगळ्यात जास्त निघणारी गोष्ट म्हणजे दुखणं.

"काकू, इथे दुखतं हो," एखादी हळूच म्हणते.

"इथे म्हणजे कुठे? दारात?"

"इथे हो..."

"स्तन म्हण की! तुझाच आहे, उसना नाही आणलास."

मग बाई हसते आणि बोलायला लागते. बत्तीस वर्षं ऐकून ऐकून काकूंना या दुखण्याच्या सगळ्या वाटा पाठ झाल्या होत्या. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही बाजू जड होऊन दुखतात आणि पाळी आली की मोकळ्या होतात. पाळी जायच्या वयात कधी दुखतं, कधी नाही, काही ताळतंत्रच राहत नाही. एखादीला नव्या गोळ्या सुरू केल्यावर दुखायला लागतं. एका पोहायला शिकवणाऱ्या मुलीचा तर स्तन दुखतच नव्हता, त्यामागचा बरगडीवरचा स्नायू दुखत होता, आणि ती बिचारी महिनाभर रडत बसली होती. दूध पाजणारी एक सुतारीण एक बाजू लालबुंद आणि अंगात ताप घेऊन मापाला आली, तेव्हा काकूंनी टेप गळ्यात तशीच ठेवून तिला रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं होतं. "दूध साचलंय, पू होईल, आधी तिकडे जा, माप कुठे पळून जात नाही."

आणि प्रत्येकीला शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्या सोडत नसत. गाठ लागली, बोंडातून पाणी किंवा रक्त आलं, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, की मापकाकूंना विचारायचं नाही. दोन गल्ल्या सोडून डॉक्टरीणबाई बसतात, त्यांच्याकडे जायचं, आजच्या आज.

इतकं सगळं ठाऊक असलेली बाई! आणि तरी पुढचं घडलं.

बेकरीत पाव भाजणारी एक तरणीताठी बाई होती. गल्लीत तिला सगळे बेकरीवालीच म्हणत. ती काकूंकडे आली तेव्हा तिच्या तोंडाचं पाणी पळालेलं होतं. दोन महिने दोन्ही बाजूंना दुखत होतं, काखेपर्यंत. संध्याकाळ झाली की हात वर करवत नव्हता.

"ट्रे उचलतेस ना दिवसभर? त्याचंच आहे," काकू म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. काकूंनी पाळीची तारीख विचारली आणि म्हणाल्या, तेही असेल. तिसऱ्या वेळी बेकरीवाली आली ती स्टुलावर बसलीच. म्हणाली, "काकू, माझी आई याच आजाराने गेली. मी मुलीला पोळीभाजी करायला शिकवायला घेतलंय. नऊ वर्षांची आहे ती. मला झोप लागत नाही."

काकूंनी तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

चार दिवसांनी, दुपारी जेवणाच्या वेळेला, डॉक्टरीणबाई स्वतःच दुकानात आल्या. सून डबे उघडत होती. डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढून घेतलं.

"काकू, रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"बेकरीवालीची सोनोग्राफी केली, सगळं तपासलं. काहीही नाही, अगदी ठणठणीत आहे. पण तिच्या काखेखाली आणि पाठीवर पट्ट्याचे वळ उठलेत. गेल्या सहा महिन्यांत असेच वळ आणि असंच दुखणं घेऊन सात जणी आल्या माझ्याकडे. मी प्रत्येकीला विचारलं, ब्रा घट्ट होतेय का? प्रत्येकीने मलाच वेड्यात काढलं. म्हणाल्या, छे हो, काकूंनी शिवलीय."

झालं! काकू ज्या उसळल्या! "माझं माप? बत्तीस वर्षांत एकदा कुणी उसवायला आणलं नाही! सगळ्या जणी खाऊन खाऊन सुटल्या असतील, त्याला मी काय करू? तुमच्या शिक्षणाचा मान ठेवते मी, पण कात्रीतलं तुम्ही मला शिकवू नका!"

डॉक्टरीणबाई शांतपणे उठल्या. "मी काही शिकवत नाही. रक्तदाब मोजायचं माझं यंत्र मी दर वर्षी दुसऱ्या यंत्रासमोर ठेवून तपासते. तेवढं तुम्ही करा." आणि गेल्या.

डबे उघडेच राहिले. काकू दहा मिनिटं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या. मग उठल्या, दरवाजाला आतून कडी घातली आणि कपाटामागून लोखंडी गज काढला, कापडवाले कापड मोजायला वापरतात तसला, छत्तीस इंची. टेबलावर गज ठेवला, त्याला लागून गळ्यातली टेप अंथरली. सुरुवातीला सुरुवात जुळवली. हळूहळू बोट सरकवत दुसऱ्या टोकाला आल्या.

गज छत्तीसला संपला होता. टेप तिथे पस्तीस दाखवत होती.

"सूनबाई, तू बघ. मला चष्म्यातून नीट दिसत नसेल."

सुनेने बघितलं, उलटं ठेवून बघितलं. "आई, पस्तीसच आहे."

टेप ताणली गेली होती, आणि ताणली कुणी? काकूंनीच! दीड वर्षापूर्वी एका बाईला अंगावर पुरळ उठलं होतं, तेव्हा काकूंच्या मनाने घेतलं की ही टेप दिवसभर दहा अंगांना लागते, ती स्वच्छ हवी. तेव्हापासून दर रविवारी त्या टेप साबणाने धुवायच्या, पिळायच्या, दोन हातांनी ताणून तिच्यावर गरम इस्त्री फिरवायच्या. कापडी टेपच ती. आधी वरचा लेप गेला, मग धागे सैल झाले. दीड वर्षं काकू तिला दर रविवारी थोडी थोडी लांब करत होत्या. चौतीस इंचांच्या बाईला ती तेहतीस म्हणत होती. त्याच टेपने कापडही मोजलं असतं तर चूक चुकीने फिटली असती, पण कापड कापलं जात होतं पुठ्ठ्याच्या साच्यांनी, आणि साचे होते खऱ्या इंचाचे. बाई एक इंच आवळली जात होती.

काकूंनी टेप गुंडाळून टेबलावर टाकली. मापाचं दुःख होतंच, पण त्याहून वेगळंच काहीतरी त्यांना खाऊ लागलं. "अगं, त्या सगळ्या जणी माझ्याकडे आल्या होत्या गं. दुखतंय म्हणून आल्या होत्या. आणि मी कुणाला ट्रे सांगितले, कुणाला पाळी सांगितली, कुणाला वय झालं म्हटलं. मला जगातली सगळी कारणं सुचली, माझं स्वतःचं तेवढं सुचलं नाही. ती पोर आपल्या लेकीला स्वयंपाक शिकवत बसली होती, माझ्यापायी!" आणि सुनेने लग्नानंतर अकरा वर्षांत पहिल्यांदा सासूला ढसाढसा रडताना पाहिलं.

सुनेने पाणी दिलं. मग, व्यवहाराची पोर ती, म्हणाली, "आई, नवी टेप आणते. ज्या सात जणींना दुखतंय त्यांना गुपचूप बोलावू आणि नव्याने शिवून देऊ. बाकीच्यांची काही तक्रार नाही. उगाच गावभर कशाला करायचं? एकदा नाव गेलं की दुकानात कुत्रं फिरकणार नाही."

सून चुकीचं बोलत नव्हती. दुकान चालत होतं ते नावावरच. पाटीसुद्धा नव्हती दारावर.

काकूंनी डोळे पुसले. "तक्रार का नाही केली त्यांनी? मीच सांगून ठेवलंय ना, माझं माप चुकत नाही म्हणून. त्या आपल्याच अंगाला दोष देत बसल्या असतील. वही काढ."

वहीत दीड वर्षातल्या बासष्ट बायका निघाल्या. काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी वही पिशवीत टाकली आणि निघाल्या. गुडघे दुखणारी बाई, पण बासष्ट दारं! रोज दुपारपर्यंत दारं आणि दुपारनंतर शिलाई. दारात उभं राहून सांगायचं ते एकच: "माझी टेप चुकीची होती. तुम्हाला ब्रा एक इंच घट्ट शिवली गेलीय. दुकानात या, नव्याने माप घेते, नवी शिवून देते, आणि या वेळी घालून बघितल्याशिवाय नेऊ नका." निमित्त नाही, सारवासारव नाही. सून पहिल्या दिवशी लाजून जिन्यातच थांबली होती. तिसऱ्या दिवसापासून ती काकूंच्या शेजारी उभी राहायला लागली.

तऱ्हेतऱ्हेची उत्तरं मिळाली. बसमध्ये तिकिटं फाडणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून ओरडली, "म्हणजे मी जाड झाले नव्हते? अहो काकू, चार महिने मी अर्धपोटी झोपतेय!" आणि स्वतःच खो खो हसत सुटली. एकीने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, मोठ्या फुशारक्या मारत होता की! काकूंनी ऐकून घेतलं. आणखी दोघी पुन्हा कधी आल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी दुसरी एक शिंपीण होती, तिने तर सगळीकडे सांगायला कमी केलं नाही. दोन आठवडे दुकानात नवं गिऱ्हाईक म्हणून आलं नाही.

बेकरीवालीला मात्र काकूंनी सगळ्यात आधी शिवून दिलं होतं. नव्या मापाची घालून तिने आरशासमोर हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. "श्वास पूर्ण जातो हो," एवढंच म्हणाली. दहा-बारा दिवसांत तिचं दुखणं गेलं, वळ गेले, झोप लागायला लागली. काकूंना तिच्याकडे बघायची लाज वाटत होती, तर तिनेच काकूंना मिठी मारली. "तुम्हीच धरून पाठवलंत ना मला डॉक्टरीणबाईंकडे? नाहीतर मी गेलेच नसते. घाबरून घरातच मेले असते."

वहीत शेवटच्या चार नावांत वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या ताई होत्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, मितभाषी. काकू वाचनालयात गेल्या, तेव्हा ताई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

"माझं काही दुखत नाही काकू. मला ती थोडी घट्ट आहे, पण चालतं. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका."

"त्रास मी दिलाय, तो निस्तरतेय. संध्याकाळी यायचं."

काकूंच्या आवाजापुढे ताई काय बोलणार? त्या आल्या. पडद्याआड हात वर करून उभ्या राहिल्या. काकू नवी टेप पाठीमागून पुढे आणत होत्या, आणि ताई आपल्या सहज बोलत होत्या. "सगळ्यांना दुखतंय असं ऐकलं. मी म्हटलं, आपण सुटलो बाई. एक वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते इथे बाहेरच्या बाजूला, तीन-चार महिने झाले. पण ती कणभरसुद्धा दुखत नाही, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही."

काकूंचा हात जागच्या जागी थांबला.

"कपडे घाला," त्या म्हणाल्या.

"का? माप?"

"माप राहू दे. न दुखणारी गाठ जास्त वाईट असते, ताई. असेलच असं नाही, पण आज कळायला हवं. चला, मी येते बरोबर." आणि त्यांनी भलत्याच चपला पायात सरकवल्या, एक स्वतःची, एक सुनेची, आणि तशाच ताईंचा दंड धरून डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे सहा जणी रांगेत होत्या. काकूंनी एकेकीच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं, पण ताईंचा नंबर पहिला लावला.

सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली. कर्करोगच निघाला. पण लहान होता, काखेत पसरलेला नव्हता. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, त्यापुढचे उपचार झाले, केस गेले, पुन्हा आले. या सगळ्यात सात महिने गेले. वाचनालयात दुसरी मुलगी शिक्के मारत होती तेवढे दिवस काकूंचा डबा रोज ताईंच्या घरी जायचा. कधी सून पोचवायची, कधी बेकरीवाली.

ताई ज्या दिवशी पुन्हा दुकानात आल्या, तेव्हा दुकान भरलेलं होतं. हो, भरलेलं! गेलेल्या बहुतेक बायका हळूहळू परतल्या होत्या, येताना बहिणी आणि जावा घेऊन. ताईंचे केस बोटभर वाढले होते. त्या स्टुलावर बसून आपला नंबर यायची वाट बघत होत्या. इतक्यात काचेच्या दरवाजातून एक अनोळखी बाई आत आली, दाराचा निळा पडदा हातात धरून तिथेच थबकली आणि चारचौघींत विचारलं, "इथेच का हो ते माप चुकलं होतं?"

सुनेचा चेहरा लाल झाला. काकू आतल्या गिऱ्हाइकाच्या खांद्याशी टाचण्या लावत होत्या. ओठांत चार टाचण्या धरलेल्या, बोलायची सोयच नव्हती.

ताई स्टुलावरून उठल्या. वाचनालयात कधी कुणी त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"इथेच," त्या म्हणाल्या. "सबंध एक इंच चुकलं होतं. बासष्ट जणींचं. आणि काकूंनी बासष्ट जणींना स्वतः जाऊन सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. माझी तर तक्रारही नव्हती. सातच जणींना बोलावलं असतं तर चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. मला बोलावलं नसतं, तर डॉक्टर म्हणतात, मी आणखी वर्षभर तशीच बसले असते. मग काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला मी इथे नसते. आता आत यायचं की नाही ते तुम्ही बघा."

नवी बाई सरळ मापाच्या पडद्याआड गेली. ओढणी काढून खुंटीला लावली आणि काकूंसमोर हात वर करून उभी राहिली.

"घ्या माप," ती म्हणाली.

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, आधीच्या गिऱ्हाइकाला बाजूला बसवलं, टेप तिच्याभोवती फिरवून पुढे आणली आणि आकड्यावर अंगठा दाबून धरला. पण डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की आकडा काही केल्या दिसेना.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तू वाच गं."